धातूचा गुण कीं हवेचा?

आमच्या भंडाऱ्यांत सकाळीं साडेपांचाच्या सुमारास कारध्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोणी उभें राहिलें, तर त्यास एक नवें दृश्य पाहावयास मिळेल. डॉक्टर, वकील, बँकेंतले अधिकारी, निवृत्त अभियंते आणि आमच्यासारखे कांहीं प्राध्यापक अंगाला घट्ट बसणारे पोषाख घालून व डोक्यावर टोपलीसारखें शिरस्त्राण बांधून सायकली हांकीत असतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं ह्याच वर्गाला सायकलीची लाज वाटूं लागली होती. राइस-मिलवरचा मजूर, पोस्टमन आणि दूधवाला ह्यांचें तें वाहन, असा एक समज होऊन बसला होता. तो समज गेला ह्याचा मला आनंदच आहे. परंतु एक समज उठून गेला कीं त्याच्या रिकाम्या आसनावर दुसरा येऊन बसतो, हा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे. पुलाच्या कठड्याशीं उभें राहून चहा घेतांना ही मंडळी ज्या विषयावर तावातावानें बोलतात, तो विषय प्रकृतीचा नसतो, वैनगंगेचा नसतो, राजकारणाचाहि नसतो. तो असतो धातूचा!

एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पोलाद ही जिवंत वस्तु आहे. रस्त्याचा धक्का तें स्वतःच्या पोटांत घेतें आणि स्वारापर्यंत पोंचूं देत नाहीं. ॲल्युमिनियम मात्र रूक्ष व निर्दय. त्याच्या फ्रेमवर बसून दहा मैल गेलें कीं मनगटें बधिर होतात आणि घरीं आल्यावर मणके मोजून घ्यावे लागतात. दुसरा पक्ष कार्बनचा. त्याच्या मतें पोलाद हें आजोबांबरोबरच गेलें. कार्बनच्या फ्रेमवर बसणें म्हणजे रस्त्यावर गादी अंथरून जाणें. तिसरा पंथ टायटॅनियमचा. त्याचा अनुयायी आमच्याकडे एकच आहे, आणि तोहि नागपुराहून अधूनमधून येतो. त्याचें मत अर्थात् सर्वांत ठाम. अलीकडे पुण्याकडे 'बांबूची' ह्या नांवानें बांबूच्या सायकली होऊं लागल्याचें वाचून एक वेणुपंथहि उदयास आला आहे. ह्या पंथाचें म्हणणें असें कीं, बांबू हा निसर्गतःच लवचिक, तेव्हां त्याची सायकलहि निसर्गतःच मऊ चालणार.

ह्या चारहि पंथांशीं माझें भांडण आहे, आणि तें एकाच मुद्द्यावर आहे. सायकलीची चाल मऊ आहे कीं खडबडीत, हें फ्रेम कशाची आहे ह्यावर ठरतें, हा जो चौघांचाहि समान सिद्धान्त, तोच मुळांत चुकीचा आहे. हा भ्रम केवळ हास्यास्पद असता तर मीं लेखणी उचलली नसती. सुखवस्तु माणसांनीं आपल्या पैशानें आपली फसवणूक करून घेतली, तर तो त्यांचा प्रश्न. परंतु ह्या भ्रमाची किंमत भलत्याच लोकांना मोजावी लागते, असें माझ्या पाहण्यांत आलें. तें पुढें सांगेनच.

आधीं स्वतःच्या पापाची कबुली देणें बरें. मी स्वतः दोन वर्षें लोहपंथाचा प्रचारक होतों. वैद्यांच्या सल्ल्यावरून सायकल घेण्याचें ठरविलें, तेव्हां एका दुकानदारानें मला ॲल्युमिनियमची एक सुबक सायकल दिली आणि टायरांत दगडासारखी हवा भरून ठेवण्यास सांगितलें. "हवा कडक असली कीं सायकल पळते, सर." महिन्याभरांत उजव्या हाताचीं दोन बोटें बधिर होऊं लागलीं. मी ती सायकल निम्म्या किंमतींत फुंकून टाकली आणि अधिक पैसे मोजून पोलादाची घेतली. काय सांगावें! बोटें बधिर होण्याचें थांबलें. मग मी ज्याला त्याला पोलादाचे गोडवे ऐकवूं लागलों. वर्गांतहि एकदां विषय सोडून ऐकविले. पुढें त्या सायकलीचे रुंद टायर झिजले. तसले आमच्या बाजारांत मिळेनात, म्हणून निमुळते घातले व जुन्या सल्ल्याप्रमाणें हवा ठासून भरली. आठवड्याच्या आंत तींच दोन बोटें, तोच बधिरपणा. फ्रेम तर तीच होती. तिच्यांतलें पोलाद रात्रींतून ॲल्युमिनियम झालें होतें असें मानण्यास मन तयार होईना. मग मीं पुस्तकें उघडलीं आणि आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांस त्रास देण्यास आरंभ केला.

पहिली गोष्ट अशी कळली कीं, आपण दोन निराळ्या गुणांना एकच नांव देतों. वस्तु वांकविण्यास किती जोर लागतो, तो तिचा ताठरपणा. वांकल्यावर ती पुन्हां सरळ न होतां कायमची वांकडी व्हावी ह्यासाठीं किती जोर लागतो, ती तिची बळकटी. दुकानांतला मनुष्य बळकटीचे आंकडे सांगतो आणि गिऱ्हाईक त्यावरून मऊपणाचें अनुमान काढतें. पोलादाच्या बाबतींत तर हा घोटाळा फारच मौजेचा आहे. सन १९३५ मध्यें बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनें '५३१' नांवाच्या नळ्या बाजारांत आणल्या. पोलादांत मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळून त्या केलेल्या असत, आणि जुन्या सायकलपटूंच्या तोंडीं आजहि त्या नळ्यांचें नांव भक्तिभावानें येतें. आम्हां भंडारेकरांना मँगनीज कांहीं नवें नाहीं. तुमसर तालुक्यांतील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी ह्याच खनिजाच्या. १८९६ मध्यें स्थापन झालेल्या एका ब्रिटिश कंपनीनें मध्यप्रांतांतून तें काढण्याचा उद्योग मांडला, आणि १९६२ मध्यें तिची मालमत्ता 'मॉइल'कडे आली. तात्पर्य, मँगनीजची निंदा करण्याचें मला कांहींच कारण नाहीं. पण मँगनीज घाला कीं क्रोमियम घाला, पोलादाची बळकटी वाढते. ताठरपणा जवळजवळ होता तेवढाच राहतो. सायकलीच्या फ्रेमसाठीं आजवर जीं पोलादें वापरण्यांत आलीं, मग तें लुधियान्याच्या साध्या काळ्या सायकलीचें असो कीं '५३१' चें असो, तीं सर्व ताठरपणांत सख्खीं भावंडें आहेत. बळकटी वाढल्यामुळें नळीची भिंत पातळ करतां येते आणि सायकल हलकी होते, हा लाभ खरा. परंतु "ह्या पोलादाची चाल रेशमासारखी आणि त्या पोलादाची गोणपाटासारखी" असें म्हणणारा मनुष्य नळीवरचें लेबल वाचून बोलत असतो.

ह्याची एकदां परीक्षाहि झाली आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेंतील 'बायसिकल गाइड' मासिकानें मोंदोनिको नांवाच्या नामांकित इटालियन कारागिराकडून एकाच मापाच्या सात फ्रेमी करवून घेतल्या. नळ्या सातहि कोलंबस कंपनीच्या, पण स्वस्तांतल्या स्वस्तापासून महागांतल्या महागापर्यंत निरनिराळ्या प्रतीच्या. रंग सारखा, जोडभाग सारखे, आणि कोणत्या फ्रेमींत कोणती नळी आहे हें चालविणाऱ्या परीक्षकास सांगितलेलें नव्हतें. अनुभवी असूनहि त्याला त्या खात्रीनें ओळखतां आल्या नाहींत. ही परीक्षा पोलादा-पोलादांतली होती; तिनें ॲल्युमिनियमचा किंवा कार्बनचा निकाल लागत नाहीं, हें मी आपण होऊनच सांगून टाकतों. तो निकाल दुसरीकडून लागतो.

ॲल्युमिनियमचें वजन पोलादाच्या सुमारें तिसरा हिस्सा आणि ताठरपणाहि सुमारें तिसराच हिस्सा. टायटॅनियम दोहोंच्या मध्यें. वजनहि मधलें, ताठरपणाहि मधला. म्हणजे तोळ्यास तोळा धरला तर हे तिन्ही धातु जवळजवळ सारखेच. उलट धातूच्याच दृष्टीनें पाहिलें तर त्यांत ॲल्युमिनियम सर्वांत नरम ठरतें. आणि लोक तर तेंच सर्वांत कठोर म्हणून सांगतात! ही उलटापालट कशी झाली? नळीच्या जाडीमुळें. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठरपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. जुन्या पोलादी सायकलीच्या नळ्या इंच-सव्वा इंचाच्या असत. १९७९ च्या सुमारास फ्रान्समधील व्हिटस कंपनीनें जवळजवळ त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या चिकटवून सायकल तयार केली. तिची ख्याति काय झाली? फार लवते, जोरानें पायडल मारलें कीं वेळूसारखी डुलते, अशी! आयर्लंडचा शॉन केली असल्या सायकलीवर मोठमोठ्या शर्यती जिंकत असतांहि धिप्पाड स्वार तिला नाकें मुरडीत. थोड्याच वर्षांनीं, १९८३ मध्यें, अमेरिकेंत कॅननडेल कंपनीनें त्याच ॲल्युमिनियमच्या जाडजूड नळ्या घेऊन सायकल केली. तिची ख्याति झाली फार कडक म्हणून. धातु एकच, लौकिक दोन आणि तेहि परस्परविरुद्ध. ज्या साक्षीदाराचा जबाब दोन न्यायालयांत दोन प्रकारचा निघतो, त्याच्यावर विसंबून निकाल कोण देईल?

पण हा सगळा वाद फ्रेमच्या डुलण्याचा झाला. ती डुलते बाजूबाजूला. बुडाला आणि मनगटाला धक्का बसतो तो खालून वर. त्या दिशेनें सायकलीची फ्रेम म्हणजे काय आहे, हें तिच्याकडे नुसतें पाहिलें तरी समजेल. दोन त्रिकोण एकमेकांस जोडलेले. घराच्या छपराला सुतार कैची करतो, ती ह्याच तत्त्वावर. त्रिकोण दाबला असतां दबत नाहीं, म्हणून तर तो छपराला घालतात. स्वाराच्या भारानें ही कैची मिलीमीटरच्या लहानशा अंशानें दबते, मग ती पोलादाची असो, ॲल्युमिनियमची असो, कीं कार्बनची. तिच्याखालीं टायर आहे. चाळीस मिलीमीटर रुंदीच्या टायरांत योग्य हवा असली, तर स्वार बसल्यावर तो आपल्या उंचीच्या सातव्या हिश्शानें, म्हणजे पांच-सहा मिलीमीटर, खालीं बसतो. अमेरिकेंतील फ्रँक बर्टो ह्यांनीं शेंकडा पंधरा हें प्रमाण सांगितलें आणि पुढें तें पुष्कळांनीं मान्य केलें. वर सीट आहे. तिच्या स्प्रिंगा आणि चामडें आणखी दबतात. आतां टायर आणि सीट ह्यांच्यामध्यें केसभर दबणारी ती फ्रेम. तिला मऊपणाचें श्रेय देणें म्हणजे खाटेवर कापसाची गादी घालून निजलेल्या माणसानें, आपल्याला झोंप चांगली लागली ती खाटेचे पाय सागाचे होते म्हणून, आणि काल लागली नाहीं ती ते बाभळीचे होते म्हणून, असें सांगत सुटण्यासारखें आहे.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं येथें एक शंका काढली होती, आणि ती टाकाऊ नाहीं. ते म्हणाले, "दबण्याचें सोडा. डांबरी रस्त्यावर जो बारीक थरथराट हातांत येतो, तो गिळण्याची शक्ति धातूधातूंत निराळी असेल कीं नाहीं?" निराळी आहे, पण पोलादाच्या बाजूनें मुळींच नाहीं. ज्या पदार्थावर टोला मारला असतां तो घणघणत राहतो, त्यानें कंप गिळला नाहीं हें उघड आहे. आमच्या खेड्यांतील कित्येक शाळांत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असे. पोलाद कंप गिळत असतें, तर त्या शाळा कधींच भरल्या नसत्या. कार्बनच्या धाग्यांना बांधणारी राळ आणि बांबूचें लांकूड हीं घणघणत नाहींत, तेव्हां कंप गिळण्यांत तीं धातूंपेक्षां वरचढ आहेत, हें मी मोकळेपणीं मान्य करतों. परंतु रबर, हवा, हँडलावरची मूठ आणि माणसाच्या तळहाताचें मांस हीं सर्व मिळून जें गिळतात, त्यापुढें तें आचमनाएवढें आहे.

शर्यतवाल्यांचा दाखला पाहा. फ्रान्समधील पॅरिस–रूबे ही शर्यत दगडी फरसबंदीच्या रस्त्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें येणाऱ्या संघांजवळ जगांतील महागांतल्या महाग कार्बनच्या फ्रेमी असतात. त्या दगडांवर उतरण्यापूर्वीं ते काय करतात? टायर अधिक रुंद घालतात आणि हवा कमी करतात. आज तेथें तीस-बत्तीस मिलीमीटरचे टायर सर्रास दिसतात. कार्बनची गादी पुरेशी असती, तर त्यांनीं ही यातायात कशाला केली असती?

खरें पाहतां हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांतच सुटला होता. जॉन केम्प स्टार्ली ह्यानें १८८५ मध्यें 'रोव्हर' सायकल काढली. आजची सायकल ती हीच: सारखीं चाकें, मागच्या चाकाला साखळी. पण तिचे टायर भरीव रबराचे होते. फ्रेम पोलादाचीच होती, आणि तरीहि हाडें खिळखिळीं होत. तीन वर्षांनीं, १८८८ मध्यें, बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलप ह्यानें आपल्या लहान मुलाच्या तिचाकीसाठीं हवेची रबरी नळी करून चाकाभोंवतीं गुंडाळली. पुढच्याच वर्षीं विल्यम ह्यूमनें असले टायर घालून शर्यती जिंकल्या, आणि हसणाऱ्यांचीं तोंडें बंद झालीं. (हीच युक्ति रॉबर्ट टॉमसन ह्यानें चाळीस वर्षांपूर्वीं नोंदविली होती, पण तिला बसवावयास त्या वेळीं सायकलच नव्हती!) पोलाद आधींहि होतें, नंतरहि होतें. मध्यें आली ती हवा.

येथें लोहपंथी आपलें ब्रह्मास्त्र काढतात: "मग आमच्या वडिलांची काळी सायकल इतकी सुखाची कशी होती?" होती, हें मीहि सांगतों. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. लाखनीच्या बाजूच्या खेड्यांतून शाळेवर जात, आणि पुढच्या दांडीवर मी बसलेला असें. त्या सायकलीचा टायर अठ्ठावीस दीडचा, म्हणजे भरपूर रुंद. सीट चामड्याची, खालीं जाडजूड स्प्रिंगा. दोन चाकांमधलें अंतर आजच्या सायकलीपेक्षां बरेंच अधिक आणि चिमटा तिरपा, पुढें वळलेला. म्हणून तिची चाल बैलांच्या दमणीसारखी सावकाश. शिवाय तिची हवा नेहमींच थोडी कमी असे, कारण त्या व्हॉल्व्हची रबरी नळी रोज कोठें ना कोठें गळे. ह्या सर्व गोष्टींचें पुण्य त्या बिचाऱ्या पोलादाच्या खात्यावर जमा झालें. त्यांत पोलादाचा वांटा वजनाचा होता, वीस-बावीस किलोंचा, आणि तो चढावर आईच्या डब्यासह वडिलांना ओढावा लागे. आणखी एक गंमत आहे. त्या सायकलीच्या नळ्या एकमेकींस जोडलेल्या असत त्या पितळेनें झाळून. भंडारा हें पितळेच्या भांड्यांचें गांव. तरी येथल्या कोणीहि अद्याप पितळपंथ काढून, चालीचा मऊपणा सांध्यांतल्या पितळेंत असतो असें म्हटलेलें नाहीं. तेवढाच काय तो आपला संयम!

पोलादाचे खरे गुण मी नाकारीत नाहीं. चिमटा वांकला तर खेड्यांतला लोहार तो सरळ करूं शकतो, सांधा सुटला तर साकोलीच्या कोणत्याहि वेल्डिंगच्या दुकानांत तो जोडून मिळतो. ॲल्युमिनियमचा सांधा तेथें जुळणार नाहीं. ह्या कारणासाठीं कोणी पोलादाची सायकल घेतली तर मी त्याची पाठ थोपटीन. कार्बन हलका आहे. शिवाय त्याचे धागे कोणत्या दिशेनें किती घालावे, हें कारागिराच्या हातीं असतें, म्हणून सीटखालचा लांब दांडा कार्बनचा करून त्याला पुरेसें लवतें करतां येतें. तो फरक बुडाला कळतो, आणि जेथें कळतो तेथें तो मी मानतों. बांबूची सायकल पाहावयास फार देखणी असते. १८९४ मध्येंच ती इंग्लंडांत प्रदर्शनांत मांडलेली होती. आमच्याकडील बुरडांच्या हातांना ह्या निमित्तानें नवें काम मिळालें तर मला आनंदच होईल. पण हीं सर्व कारणें निराळीं आहेत. ती सायकल बुडाला मऊ लागेल, ह्या एका आश्वासनावर ती कोणी विकूं नये, एवढेंच माझें म्हणणें.

आतां ज्यासाठीं हा प्रपंच मांडला, तें सांगतों. महाराष्ट्र शासनानें मानव विकास कार्यक्रमाखालीं मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेंत जाण्यायेण्यास सायकलीसाठीं साहाय्य देण्याची योजना चालविली. ह्या सायकलींनीं जें केलें, तें आमच्या व्याख्यानांनीं झालें नसतें. माझ्या वर्गांत आज ज्या मुली बसतात, त्यांतल्या कित्येकींना शाळा पुरी करतां आली ती ह्या सायकलीमुळें. त्यांतलीच एक मुलगी मोहाडीच्या बाजूची. वडील कोशाचें कापड विणणारे. ती गेल्या वर्षीं महिनाभर गैरहजर राहूं लागली. विचारलें तेव्हां म्हणाली, "सर, कंबर लय दुखते सायकलनं." घरच्यांनीं उपाय केलेलाच होता. कोणी शिकलेल्या माणसानें त्यांना सांगितलें होतें कीं, लोखंडी सायकलीनें पोरीची कंबर जाईल, ॲल्युमिनियमची घ्या. (भंडाऱ्याच्या पुलावर ॲल्युमिनियम हाडें मोडतें आणि मोहाडीला तेंच हाडें सांभाळतें!) आईनें बचत गटांतून बारा हजारांचें कर्ज काढलें आणि नवी सायकल आणली. कंबर तशीच दुखत राहिली. "पैसे पाण्यात गेले, सर," असें तिचे वडील मला म्हणाले, तेव्हां मला त्यांच्याकडे पाहवेना. ज्या शिकलेल्या माणसानें हा सल्ला दिला तो मी नव्हतों, पण दोन वर्षें मीहि असलेच सल्ले वांटीत फिरलों होतों.

दोन्ही सायकली मीं पाहिल्या. दोहोंच्या सीटा खालीं तळाशीं बसविलेल्या, कारण "बसल्या बसल्या पाय टेकले पाहिजेत" असें घरच्यांचें म्हणणें. त्यामुळें गुडघे छातीशीं येत आणि सगळा भार कण्यावर पडे. टायर अंगठ्यानें दाबला तर तसूभर हलेना. चौकांतल्या दुकानांत यंत्रानें हवा भरली जाते, आणि मापाचें घड्याळ न पाहतां ठासून भरणें हाच तेथला प्रामाणिकपणा समजला जातो. मुलगी अंगानें चाळीस किलोंची आणि हवा शंभर किलोंच्या पोत्यासकट जाणाऱ्या दुकानदाराची. मीं पान्हा मागविला. जुन्या लोखंडी सायकलीची सीट चार बोटें वर केली, तिचें नाक किंचित् खालीं केलें, आणि अंगठा थोडा रुतेल इतकी हवा सोडली. खर्च शून्य. पहिले दोन दिवस तिला भीति वाटली, मग संवय झाली. तिच्या कमरेचें दुखणें अजिबात गेलें असें मी म्हणणार नाहीं. रेतीच्या टिप्परांनीं फोडलेला रस्ता तोच आहे, आणि त्यावर ना पोलादाचा उपाय ना पान्ह्याचा. पण ती पुन्हां वर्गांत येऊं लागली. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालूच आहेत.

माझ्या वर्गांतल्या मुलींच्या सायकली मी तेव्हांपासून मुद्दाम पाहतों. चार फूट आठ इंच उंचीच्या मुलीकडे आणि पांच फूट पांच इंच उंचीच्या मुलीकडे एकाच मापाची सायकल. मास्तराच्या अंगरख्याचें माप घेतल्याशिवाय शिंपी कात्री लावीत नाहीं. पण मुलीच्या सायकलीची फ्रेम किती इंची हवी, हें कोणीहि विचारलेलें नसतें. पालक विचारतात, "कशाची आहे?" दुकानदार सांगतो, "ॲल्युमिनियमची." दोघांचेंहि समाधान होतें. माप, टायरची रुंदी, हवेचें प्रमाण, सीटची उंची ह्या चार गोष्टींना धातूच्या ह्या एका प्रश्नानें दाराबाहेर उभें केलें आहे. ज्यांच्याकडे पाहून इतर लोक आपले प्रश्न ठरवितात, ते आपण सुशिक्षितच पहांटे पुलावर उभे राहून धातूची स्तोत्रें गात असूं, तर त्या विणकरानें तरी दुसरें काय विचारावें?

कोणी म्हणेल, "तुम्ही पुस्तकांतलें सांगतां. आम्हांला अंगाला जें कळतें, तें खोटें कसें?" अंगाला कळतें तें खोटें नाहीं. तें कोणामुळें कळलें, ह्याविषयींचा तुमचा तर्क खोटा आहे. नवी सायकल घेतांना केवळ धातु बदलत नाहीं. टायर बदलतो, सीट बदलते, चाकांतलें अंतर बदलतें, हँडलाची उंची बदलते, आणि खिशांतून गेलेली रक्कम तर सर्वांत अधिक बदलते. लाख रुपये देऊन आणलेल्या वस्तूवर बसलें असतां ती टणक आहे असें कबूल करण्यास मनाचा फार मोठा मोकळेपणा लागतो, आणि तो कोणत्याच दुकानांत मिळत नाहीं.

म्हणून चारहि पंथांच्या आचार्यांस माझें जाहीर आमंत्रण आहे. येत्या पौषांत, धान घरांत आल्यावर, गांधी चौकांत आपापल्या सायकली घेऊन या. टायर सर्वांना एकाच रुंदीचे घालूं. फ्रेमी जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांनीं गुंडाळूं, म्हणजे धातु दिसणार नाहीं. सीट एकच, ती आळीपाळीनें बसवूं. आपण प्रत्येकीवर बसून कारध्याच्या पुलापर्यंत जाऊन या आणि कोणती कशाची आहे तें कागदावर लिहून द्या. डोळ्यांना पट्टी बांधण्याचा माझा विचार होता. पण त्या रस्त्यावरचे टिप्पर पाहतां तो सोडून दिला. जो चारहि बरोबर ओळखील, त्याच्या पंथाची दीक्षा मी त्याच पुलावर, सर्वांच्या देखत घेईन. हवेचा पंप मात्र माझ्या हातीं राहील.